डॉसकडून एमव्हीएसकडे: असेंब्लर प्रोग्रॅमचं स्थलांतर

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर केली, तेव्हा तिच्यामागचा विचार त्या काळाच्या मानाने धाडसी होता. यंत्र लहान असो की मोठं, सगळ्यांना एकच आज्ञासंच कळेल. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेड ब्रुक्स यांनी आखलेली ही रचना इतकी पक्की निघाली की त्या दशकात लिहिलेली बेरजेची किंवा अक्षरं हलवण्याची आज्ञा आजच्या झेड मालिकेतल्या यंत्रावरही तेच काम करते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत मात्र ही एकी टिकली नाही. सगळ्या यंत्रांसाठी म्हणून ओएस/३६० लिहायला घेतली. तिचं नेतृत्व ब्रुक्स यांच्याकडेच होतं, पण ती लांबत गेली आणि इतकी मोठी झाली की लहान यंत्रांत मावेना. मग अवघ्या १६ किलोबाइट स्मृतीतही चालू शकेल अशी डॉस/३६० नावाची वेगळी सिस्टीम १९६६ मध्ये आली. पुढे घरगुती संगणकांवर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉसशी तिचं काही नातं नाही. ती मधल्या काळापुरती सोय होती, पण छोट्या बँका, विमा कंपन्या आणि कारखाने तिच्यावर स्थिरावले आणि तिचा वंश वाढत गेला: डॉस/व्हीएस, डॉस/व्हीएसई, व्हीएसई/ईएसए, झेड/व्हीएसई. दुसऱ्या बाजूला ओएस/३६० पासून १९७४ मध्ये एमव्हीएस आली आणि तिचीच पुढची पिढी म्हणजे आजची झेड/ओएस. झेड/व्हीएसईची सेवा आयबीएमने सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी सॉफ्टवेअर ही कंपनी आता तो वंश व्हीएसईएन या नावाने पुढे चालवते. धंदा वाढला की डॉस सोडून एमव्हीएसवर जायचं, हा प्रवास १९७० च्या दशकापासून असंख्य संस्थांनी केला आहे.

कोबोलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम असेल तर हा प्रवास बराच सोपा, कारण सिस्टीमशी बोलायचं काम कंपायलर करतो. असेंब्लरमध्ये हे बोलणं प्रोग्रॅमरने स्वतः लिहिलेलं असतं. म्हणून असेंब्लर प्रोग्रॅम हलवायचा म्हणजे तो सिस्टीमशी कुठे कुठे बोलतो ते शोधायचं, आणि त्याहून अवघड म्हणजे तो सिस्टीमबद्दल काय काय गृहीत धरून बसला आहे तेही शोधायचं. सगळी मेहनत या दुसऱ्या भागात जाते.

आधी काय बदलत नाही ते पाहू. १६ रजिस्टरं तीच. बेस रजिस्टर आणि त्यापुढे जास्तीत जास्त ४०९५ बाइटचं अंतर अशी पत्ता देण्याची रीत तीच. पॅक्ड दशमान आकडे आणि एबसिडिक अक्षरसंच दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे सॉर्टिंगचा क्रमही बदलत नाही. (युनिक्सवर जाणाऱ्यांना हा क्रम किती छळतो ते त्यांनाच विचारा. तिथे आकडे अक्षरांच्या आधी येतात आणि इथे नंतर.) १९९२ मध्ये आलेला हाय लेव्हल असेंब्लरही दोन्ही सिस्टीमवर एकच आहे. व्याज काढणारी, हप्ता मोजणारी, रकमेत स्वल्पविराम घालणारी ओळ जशीच्या तशी राहते. एखाद्या हिशेबी प्रोग्रॅममध्ये अशाच ओळी बहुसंख्य असतात.

फरक सुरू होतो तो सुपरवायझर कॉलपाशी. सामान्य प्रोग्रॅमला डिस्क किंवा प्रिंटरला थेट हात लावता येत नाही. तो सुपरवायझर कॉल ही दोन बाइटची आज्ञा देतो. पहिला बाइट आज्ञेचा, दुसऱ्यात ० ते २५५ मधला सेवेचा क्रमांक. आज्ञा हार्डवेअरची असली तरी क्रमांकाचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. क्रमांक ० दोन्हीकडे उपकरणाचं काम सुरू करायला सांगतो, तेवढं साम्य आहे. पण १४ क्रमांक पाहा. डॉसमध्ये त्याचा अर्थ ‘माझं काम संपलं’. एमव्हीएसमध्ये तोच क्रमांक ‘माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर अमुक ठिकाणी कळव’ अशी नोंदणी करतो. म्हणजे डॉसवर शांतपणे संपणारा प्रोग्रॅम एमव्हीएसवर तसाच उचलून ठेवला, तर शेवटच्या आज्ञेपाशी तो संपतच नाही. सिस्टीमने ती नोंदणी स्वीकारली तर प्रोग्रॅम पुढे सरकतो. पुढे बहुधा फायलींच्या व्याख्या आणि डेटा असतो आणि यंत्र त्यालाच आज्ञा समजून राबवायला लागतं.

म्हणून तयार मशीन कोड हलवता येत नाही, सोर्स लागतो. बऱ्याच ठिकाणी पहिला धक्का इथेच बसतो. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या प्रोग्रॅमचा सोर्स कधी हरवलेला असतो, कधी सापडतो पण रोज चालणाऱ्या प्रोग्रॅमशी जुळत नाही, कारण कुणीतरी कधीतरी घाईत मशीन कोडमध्येच दुरुस्ती केलेली असते. त्यामुळे बदल करायच्या आधी प्रत्येक सोर्स जुन्या सिस्टीमवर पुन्हा असेंबल करावा आणि निघालेला कोड चालू प्रोग्रॅमशी बाइटन् बाइट ताडून पाहावा. कंटाळवाणं काम आहे, आणि वेळापत्रक आवळलं की पहिल्यांदा यालाच कात्री लागते. माझ्या मते यावर कितीही वेळ गेला तरी तो वाया जात नाही. चुकीचा सोर्स अचूक रीतीने हलवला तर नंतरची सगळी चाचणी फसवी ठरते.

सेवेचे क्रमांक प्रोग्रॅमर सहसा स्वतः लिहीत नाही, तो मॅक्रो लिहितो आणि असेंब्लर त्याचा विस्तार करतो. मॅक्रोंची यादी काढली की तीन ढीग पडतात. व्हीसॅम या आयबीएमच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीतल्या फायलींचे मॅक्रो दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत, तो ढीग सुखाचा. काहींची नावंच वेगळी. डॉसमध्ये स्मृती मागायला गेटव्हिस, तर एमव्हीएसमध्ये गेटमेन. डॉसमध्ये शेवट करायला ईओजे, तिकडे रिटर्न. डॉसची ही नावं नव्या सिस्टीमच्या मॅक्रो लायब्ररीत नसतातच, म्हणून असेंब्लर लगेच तक्रार करतो आणि चूक लपत नाही. धोका तिसऱ्या ढिगात असतो: नाव तेच, वागणं वेगळं. ‘लोड’ मॅक्रो दोन्हीकडे दुसरा प्रोग्रॅम स्मृतीत आणतो, पण त्याच्या सुरुवातीचा पत्ता डॉस १ नंबरच्या रजिस्टरात देते आणि एमव्हीएस ० नंबरच्या. ‘गेट’ने बफरमधल्या नोंदीचा नुसता पत्ता मागितला, तर डॉसमध्ये तो फायलीच्या व्याख्येत सांगितलेल्या रजिस्टरात येतो, एमव्हीएसमध्ये नेहमी १ मध्ये. मॅक्रोची मांडणी नव्या पद्धतीने नीट करून दिली की असेंब्लर खूश असतो. उत्तर कुठल्या रजिस्टरात शोधायचं ते मात्र पुढच्या ओळींत लिहिलेलं असतं आणि त्या ओळी तो तपासत नाही.

आता फायलींकडे येऊ. दोन्ही सिस्टीमच्या विचारातला खरा फरक इथे दिसतो. डॉसमध्ये फायलीची व्याख्या ‘डीटीएफ’ने सुरू होणाऱ्या मॅक्रोने होते आणि मॅक्रोच्या नावातच उपकरण असतं: कार्डांसाठी डीटीएफसीडी, प्रिंटरसाठी डीटीएफपीआर, टेपसाठी डीटीएफएमटी, सलग वाचायच्या डिस्क फायलीसाठी डीटीएफएसडी. म्हणजे प्रोग्रॅम लिहितानाच माणसाने ठरवलेलं असतं की माहिती कार्डांवरून येणार. एमव्हीएसमध्ये या सगळ्यांच्या जागी डेटा कंट्रोल ब्लॉक, म्हणजे डीसीबी, असतो. त्यात उपकरण नसतं, फक्त एक नाव असतं. त्या नावामागे डिस्क आहे, टेप आहे की छपाईची रांग, हे प्रोग्रॅम चालवताना जेसीएलमधलं, म्हणजे काम कसं चालवायचं ते सिस्टीमला सांगणाऱ्या भाषेतलं, डीडी वाक्य सांगतं.

फाइल उघडताना एमव्हीएस तीन ठिकाणांहून माहिती गोळा करते. आधी प्रोग्रॅममधला डीसीबी, त्यात जे रिकामं असेल ते डीडी वाक्यातून, तिथेही नसेल तर फायलीच्या लेबलमधून. म्हणून स्थलांतर करताना डीटीएफमधली प्रत्येक संख्या इमानेइतबारे डीसीबीत उतरवणं हितावह नाही. ब्लॉकची लांबी तर मुद्दाम रिकामी सोडावी. नव्या फायलीसाठी डिस्कला सोयीची लांबी सिस्टीम स्वतः काढते, आणि उद्या डिस्क बदलली तर प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

ब्लॉकच्या लांबीत आणखी एक खाच आहे. डॉसमध्ये डिस्कवर लिहायच्या सलग फायलीच्या बफरात सुरुवातीचे ८ बाइट डिस्कच्या काउंट फील्डसाठी राखून ठेवावे लागतात, आणि व्याख्येतली लांबी ते ८ बाइट धरून लिहितात. ८० बाइटच्या १० नोंदींचा ब्लॉक खरा ८०० बाइटचा, पण डीटीएफमध्ये आकडा ८०८. वाचायच्या फायलीत हे ८ नसतात. एखाद्या भाबड्या साधनाने ८०८ तसाच डीसीबीत नेला तर एमव्हीएस फाइल उघडतानाच ०१३ क्रमांकाची चूक देऊन प्रोग्रॅम थांबवते, कारण ८०८ ला ८० ने भाग जात नाही. ही चूक निदान लगेच दिसते.

बफराच्या मालकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. डॉसमध्ये बफर प्रोग्रॅममध्येच जाहीर केलेला असतो, आणि अनेक प्रोग्रॅम त्या बफराला नाव देऊन त्यातली क्षेत्रं थेट वाचतात: नोंदीच्या दहाव्या बाइटपासून खातेक्रमांक, वगैरे. एमव्हीएसमध्ये बफर सहसा सिस्टीम देते आणि नोंद कुठल्या पत्त्यावर मिळेल ते दर वेळी बदलतं. यावर सर्वात कमी ढवळाढवळ करणारा उपाय असा: जुना बफर तसाच ठेवायचा, त्याला कामाची जागा म्हणायचं आणि ‘गेट’ला सांगायचं की नोंद या जागेत उतरवून दे. एक जादा हालचाल होते, पण खालच्या शेकडो ओळी जशाच्या तशा राहतात. शिवाय सीडीमॉड, पीआरमॉड यांसारखे मॅक्रो डॉसमध्ये वाचण्या-लिहिण्याचा कोड पुरवतात, ते सरळ काढून टाकायचे. एमव्हीएसमध्ये तो कोड फाइल उघडताना सिस्टीमच आणते.

छपाईतही थोडी दुरुस्ती लागते. डॉसचे प्रोग्रॅम नवीन पानावर जायला प्रिंटरला थेट आज्ञा देतात. एमव्हीएसमध्ये छपाई आधी रांगेत साठते, तिथे त्या क्षणी प्रिंटर हजरच नसतो. म्हणून ओळीच्या सुरुवातीला एक नियंत्रक अक्षर घालतात आणि १३२ ची ओळ १३३ ची होते.

फायलींपेक्षाही जास्त त्रास देणारा भाग म्हणजे रजिस्टरांचा शिरस्ता. डॉसचा साधा प्रोग्रॅम सुरू होतो, पहिल्याच ओळीत स्वतःचा पत्ता एका रजिस्टरात भरतो, काम करतो आणि ईओजे म्हणून संपतो. तो कुणाला परत जाब देत नाही. एमव्हीएसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम म्हणजे कुणीतरी बोलावलेला उपप्रोग्रॅम. १५ मध्ये त्याचा स्वतःचा पत्ता येतो, १४ मध्ये परत जायचा पत्ता, १ मध्ये दिलेल्या माहितीचा पत्ता आणि १३ मध्ये बोलावणाऱ्याच्या ७२ बाइटच्या साठवणजागेचा. आल्या आल्या त्या जागेत सगळी रजिस्टरं ठेवायची, मग आपली स्वतःची ७२ बाइटची जागा जाहीर करून १३ मध्ये तिचा पत्ता भरायचा. जाताना उलटा क्रम, आणि १५ मध्ये निकालाचा आकडा. हा आकडा भरायचा राहिला तर आधीचं काहीतरी तिथे उरतं आणि जेसीएलमधल्या पुढच्या पायऱ्या त्यावरून चुकीचा निर्णय घेतात.

आपली स्वतःची जागा जाहीर करायला विसरलं तर काय होतं? १३ मध्ये अजून बोलावणाऱ्याचीच जागा असते. ‘गेट’ किंवा ‘पुट’मागचा कोड शिरस्त्याप्रमाणे तिथे रजिस्टरं ठेवतो आणि आपण ठेवलेली पुसली जातात. प्रोग्रॅम हजारो नोंदी बिनबोभाट वाचतो, अहवाल छापतो आणि शेवटी परतायच्या वेळी घरी जाण्याऐवजी शेवटच्या गेट किंवा पुटनंतरच्या ओळीवर जाऊन पडतो. याहून वाईट म्हणजे १३ नंबर बेस रजिस्टर म्हणून वापरलेला प्रोग्रॅम. मग सिस्टीम प्रोग्रॅमच्याच अंगावर, बेसपासून तेराव्या बाइटला सुरुवात करून ६० बाइट लिहिते. तिथे बहुतेकदा सुरुवातीच्या, एकदाच चालून गेलेल्या आज्ञा असतात, म्हणून लगेच काही बिघडत नाही. महिन्यांनी कुणी त्या जागी एखादा स्थिरांक ठेवला की मग बिघडतं. स्थलांतराच्या यादीत ‘१३ कुठे कुठे वापरलं आहे’ हा शोध मी सर्वात वर ठेवेन.

डॉसमध्ये स्मृतीच्या प्रत्येक विभागाला एक संवादक्षेत्र असतं आणि कॉमरेग हा मॅक्रो त्याचा पत्ता देतो. सुरुवातीच्या ८ बाइटमध्ये तारीख, पुढे प्रोग्रॅमांनी एकमेकांसाठी निरोप ठेवायची ११ बाइटची जागा, मग यूपीएसआय नावाचे आठ स्विच. ‘तिमाही अहवाल हवा असेल तर पहिला स्विच चालू’ असल्या सूचना ऑपरेटर यातून देत. एमव्हीएसमध्ये असं क्षेत्र नाही. स्विचांचं काम पार्म करतं: १ नंबरचं रजिस्टर एका पत्त्याकडे नेतं, त्या पत्त्यावर दोन बाइटची लांबी आणि मग मजकूर. सोपा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमच्या आरंभी पार्म आणि तारीख घेऊन संवादक्षेत्राची हुबेहूब प्रतिकृती बांधायची आणि बाकी प्रोग्रॅमला तिचा पत्ता द्यायचा. एका पायरीने ठेवलेला निरोप दुसरीने वाचायचा असेल तर मात्र छोटी फाइल लागते.

तारखेचा गुंता वेगळाच. डॉसमध्ये जेसीएलमधल्या डेट वाक्याने त्या एका कामापुरती तारीख बदलता येते. महिनाअखेरचे हिशेब पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला चालवताना कितीतरी ठिकाणी हेच करत आणि प्रोग्रॅममध्ये त्याचा मागमूस नसतो. कॉमरेगच्या जागी एमव्हीएसचा टाइम मॅक्रो घातला की खरी आजची तारीख येते, वर्ष आणि वर्षातला दिवस या रूपात, आणि महिनाअखेरचा अहवाल चुकीच्या महिन्यात जातो. सोर्स कितीही बारकाईने वाचला तरी हे गृहीतक सापडत नाही. ते जेसीएलमध्ये, ऑपरेटरच्या वहीत किंवा त्याच्या सवयीत असतं. म्हणून रात्रपाळीच्या माणसाशी बोलणं हे या कामात सोर्स वाचण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

जुन्या प्रोग्रॅमांच्या काही सवयी हार्डवेअरच्या वाढीमुळेही अडचणीत येतात. मूळ पत्ता २४ बिटचा होता, म्हणून ३२ बिटच्या रजिस्टरातला वरचा बाइट मोकळा राही आणि स्मृतीची काटकसर करणारे त्यात खुणा ठेवत. ३१ बिटच्या पत्त्यांत त्या खुणा पत्त्याचाच भाग होतात. स्वतःच्याच आज्ञा बदलणारे प्रोग्रॅमही सर्रास आढळतात: पहिल्या फेरीनंतर एक निष्क्रिय आज्ञा बदलून उडीची करायची, म्हणजे सुरुवातीचा भाग पुन्हा चालत नाही. हे एमव्हीएसवर चालतं, पण आधुनिक यंत्रात आज्ञा आणि डेटा वेगवेगळ्या कॅशमध्ये असल्याने असा प्रत्येक बदल महाग पडतो. माझा आग्रह एवढाच, की आधी प्रोग्रॅम २४ बिटमध्येच, आहे तसा हलवावा. सुधारणेची हौस नंतर भागवावी. दोन्ही एकदम केलं की आकडा चुकल्यावर तो कशाने चुकला ते सांगता येत नाही.

हजारो प्रोग्रॅम असतील तर हे हाताने होणार नाही. असेंब्लरमध्ये यावर सुंदर तोड आहे: जुन्या नावांचे मॅक्रो स्वतःच लिहायचे. डीटीएफसीडी नावाचाच मॅक्रो नव्या लायब्ररीत ठेवायचा, जो आतून डीसीबी तयार करेल. मग सोर्सला जवळजवळ हात लावावा लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सोर्स वाचून नवा सोर्स लिहिणारा प्रोग्रॅम तयार करायचा. या दुसऱ्या मार्गाचा मुंबईशी जुना संबंध आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फ. चं. कोहली यांच्या काळात, १९७४ मध्ये, परदेशासाठी केलेलं पहिलं काम याच जातीचं होतं. बरोज कंपनीच्या एका यंत्रमालिकेवरची रुग्णालयाची कोबोल प्रणाली दुसऱ्या मालिकेच्या कोबोलमध्ये न्यायची होती, आणि ते त्यांनी मुंबईतल्या आयसीएल यंत्रावर, रूपांतर करणारं साधन लिहून केलं.

दोन मार्गांपैकी मला सोर्स बदलण्याचा मार्ग पटतो. जुन्या नावांचे मॅक्रो लवकर फळ देतात, पण वीस वर्षांनी येणाऱ्या प्रोग्रॅमरला समोर डॉसचा प्रोग्रॅम दिसतो, आत एमव्हीएस चाललेली असते आणि त्याला दोन्ही शिकावं लागतं. संवादक्षेत्रासारख्या एखाद्या ठिकाणी अशी नक्कल ठेवायला हरकत नाही. फायली मात्र खऱ्या डीसीबीने उघडाव्यात.

जेसीएलबद्दल थोडक्यात: डॉसमध्ये डिस्कवरची फाइल कुठल्या ट्रॅकपासून किती ट्रॅक, हे माणूस एक्सटेंट वाक्यात लिहितो. एमव्हीएसमध्ये जागा किती हवी तेवढं सांगायचं, कुठे ते सिस्टीम पाहते. हे रूपांतर यंत्राकडून चांगलं होतं.

चाचणीत एकच फाइल दोन्ही सिस्टीमला द्यायची आणि निघालेल्या फायली बाइटन् बाइट ताडायच्या. अहवालांच्या मथळ्यांतल्या तारखा-वेळा सोडल्या तर फरक शून्य हवा. ‘एक पैशाचा फरक आहे, चालेल’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नये. आज्ञासंच तोच असल्याने त्या पैशाला काहीतरी कारण आहे. रोजच्या कामासोबत महिनाअखेर, वर्षअखेर आणि मुद्दाम बिघडवलेली फाइलही चालवायची, कारण चूक हाताळणारा कोड वर्षानुवर्षं चाललेला नसतो आणि डॉसमध्ये तो स्टक्झिट मॅक्रोने बांधलेला असतो, जो एमव्हीएसमध्ये इस्टे किंवा एस्पाय वापरून पुन्हा लिहावा लागतो.

हे सगळं हाताने करून पाहायचं असेल तर मेनफ्रेमची गरज नाही. रॉजर बॉलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलीस हा एम्युलेटर साध्या लॅपटॉपवर सिस्टीम/३६० आणि तिचे वंशज उभे करतो, आणि त्यावर जुन्या डॉस/३६० आणि एमव्हीएस ३.८ दोन्ही चालतात. कार्डं वाचून प्रिंटरवर छापणारा तीस-चाळीस ओळींचा प्रोग्रॅम आधी डॉसवर लिहा. मग त्याचे डीटीएफ काढून डीसीबी घाला, ईओजेच्या जागी रिटर्न आणा, सुरुवातीला साठवणजागा द्या आणि एमव्हीएसवर चालवा. तो नीट चालला की साठवणजागेची ती एक ओळ मुद्दाम काढून पुन्हा चालवा आणि निघालेल्या डंपमध्ये १४ नंबरच्या रजिस्टरात काय आहे ते पाहा.